2009 चं मृत्युपत्र आहे, मग आता फ्लॅट मुलाच्या नावावर करू का?

काका, तुमचा मेल दोनदा वाचला. वय 66, पुण्यात स्वतःच्या कमाईचा टू बीएचके, थोड्या एफडी आणि म्युच्युअल फंड, 2009 साली मृत्युपत्र करून सगळं काकूंच्या नावे लिहिलेलं, काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, 88 वर्षांच्या तुमच्या आई, म्हणजे आजी, तुमच्याकडेच असतात, आणि आता मुलगा म्हणतोय की बक्षीसपत्राला स्टॅम्प ड्युटी 200 रुपयेच आहे तर फ्लॅट आत्ताच माझ्या नावावर करून टाका, नंतर कटकट नको. मुलगी नाशिकला, ती काही बोलत नाही.

माझं स्पष्ट मत, फ्लॅट आत्ता देऊ नका. मुलावर अविश्वास म्हणून नाही हो, पण बक्षीसपत्र रजिस्टर झालं की घर त्याचं, उद्या त्याच्या धंद्याला कर्ज लागलं, घरात काही बिनसलं, तर तुम्ही आणि आजी कुठे? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर मुलांनी सांभाळलं नाही तर परत मागता येतं, पण त्यासाठी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायचा, ते तुमच्याने होणार आहे का?

पण ‘मृत्युपत्र आहेच की’ असंही समजू नका. ज्यांना सगळं दिलं त्या काकूच राहिल्या नाहीत आणि त्यांच्यानंतर कोणाला हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे ते मृत्युपत्र असून नसल्यासारखंच. उद्या तुम्हाला काही झालं तर 1956 चा हिंदू वारसा कायदा लागणार, आणि त्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा, मुलगी यांच्याबरोबर आईही येते. तीन सारखे हिस्से. पुढे आजी गेल्या की त्यांच्या हिश्श्यात तुमचे भाऊ-बहीणही आले, मग तो फ्लॅट विकायचा तर काका, आत्या सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरायचं. मुलाला जी कटकट नकोय ती खरी ही आहे!

म्हणून मृत्युपत्र नव्याने करा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण करून टाका. 2009 चं रद्द केलं हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. फ्लॅट कोणाला, मुलीला काय, हे तुम्ही ठरवा, पण मुलीशी एकदा समोर बसून बोला, ती गप्प आहे म्हणजे तिला काही वाटत नाही असं नसतं. आजींसाठी फ्लॅटमधला हिस्सा नको, एक एफडी नुसती त्यांच्या औषधपाण्यासाठी ठेवा. आणि प्रत्येक नावापुढे ‘हे हयात नसल्यास अमुक’ हे लिहाच.

साक्षीदार दोन, तुमच्यासमोर सही करणारे, ज्यांना काही मिळणार नाही असे. हे मी फार कळकळीने सांगतेय. माझ्या मामांनी सुंदर अक्षरात चार पानी मृत्युपत्र लिहिलं होतं, एका साक्षीदाराची सही झाली, दुसरे शेजारी गावाला गेलेले, आल्यावर घेऊ म्हणाले. मामा गेले तेव्हा कपाटातल्या त्या शेवटच्या पानावर ‘साक्षीदार क्र. 2’ पुढे पेन्सिलीची फुली होती फक्त. मामी पाच वर्षं कोर्टात जात होत्या.

राहिलं नॉमिनेशन. बँकेत, फंडात, सोसायटीत सगळीकडे अजून काकूंचंच नाव असणार, ते बदला, आता बँकेत चार आणि फंडात दहापर्यंत नॉमिनी देता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो फक्त वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेणारा, शेअर्स-फंडांबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा हेच सांगितलंय, त्यामुळे नॉमिनेशन आणि मृत्युपत्रात शक्यतो तीच नावं ठेवा.

मुलाला हा मेल दाखवा. आणि आधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन नॉमिनेशनचा फॉर्म घेऊन या, तो भरला की मला कळवा, मृत्युपत्राचा कच्चा मसुदा आपण फोनवर बसून करू, मग वकिलांना दाखवा.