हॅस्केल सर्व्हरची मेमरीतली स्टेट रीस्टार्टनंतर कशी टिकवायची?

ऐरोलीच्या सोसायटीचं पार्किंग ॲप. स्टेट, म्हणजे कुठली जागा कुणाकडे ही माहिती, टीव्हारमध्ये (अनेक थ्रेडना मिळून वापरता येणारं मेमरीतलं व्हेरिएबल), आणि लाइट गेली की सगळं कोरं, असा तुमचा प्रश्न. टीव्हार काढू नका. दोघांनी एकच जागा मागितली तर एसटीएम (टीव्हारमधले बदल व्यवहारासारखे एकसंध करणारी हॅस्केलची सोय) ते नीट निस्तरतं.

डिस्कवर लिहायच्या त्या घटना: ‘बी-१२ दिली’, ‘बी-१२ सोडली’. एसटीएमच्या आत फाइल लिहिता येत नाही, म्हणून घटना रांगेत टाका. एकच थ्रेड त्या घटना फाइलच्या शेवटी जोडेल, एफसिंक करेल (म्हणजे त्या खरंच डिस्कवर पोचल्याची खात्री करेल) आणि मगच ॲपवर ‘जागा मिळाली’ दिसेल. सुरू होताना रिकाम्या स्टेटपासून सगळ्या घटनांवर फोल्ड करा, म्हणजे एकेक घटना क्रमाने लावत स्टेट पुन्हा बनवा, तेही स्ट्रिक्ट (प्रत्येक पायरीचा हिशोब लगेच करून); नाहीतर थंक, म्हणजे पुढे ढकललेले हिशोब, साठून मेमरी फुगते. वेळ किंवा रँडम आकडा घटनेतच नोंदवा. फोल्डमध्ये घड्याळ पाहिलंत तर दर रीस्टार्टला वेगळी स्टेट मिळेल, आणि मग पार्किंगची भांडणं निस्तरा!

लॉग, म्हणजे घटनांची ती फाइल, वाढला की स्नॅपशॉट: त्या क्षणाची अख्खी स्टेट डिस्कवर. हॅस्केलमध्ये व्हॅल्यू जागच्या जागी बदलतच नसल्यामुळे ती टीव्हारमधून वाचून निवांत लिहा, कुणाला थांबवायला नको. सोबत शेवटच्या घटनेचा क्रमांक हवा, म्हणजे रीस्टार्टला त्यापुढच्याच घटना लावता येतील.

हे सगळं ‘ॲसिड-स्टेट’ लायब्ररीत तयार मिळतं. दोन सर्व्हर चालवणार असाल तर मात्र सरळ पोस्टग्रेस डेटाबेस घ्या.