घरात दोन लँडलाइन असतील तर दोन लाइनचा कॉर्डलेस फोन घ्यावा का?

घरची एक आणि कामाची एक अशा तुमच्याकडे दोन लँडलाइन आहेत. दोन फोन सांभाळण्याऐवजी दोन लाइनचा एकच कॉर्डलेस घेतला तर वेगळं काय मिळेल, आणि जोडताना काय अडचण येते, असं तुम्ही विचारलंय. मी असा फोन बरीच वर्षं वापरतोय. दोन्ही नंबरांवर रोज फोन येत असतील आणि घरात बोलणारी माणसं एकाहून जास्त असतील, तर नक्की घ्या. दुसरी लाइन क्वचितच वाजत असेल तर साधे दोन फोन पुरतात.

मी घरून हिशेबाची कामं करतो. आधी कामाचा फोन खाली आणि मी वरच्या खोलीत, असं असायचं. जिना उतरेपर्यंत रिंग बंद व्हायची. आता बेस, म्हणजे लाइन जिथे जोडतात तो मुख्य भाग, एकच आहे, हँडसेट तीन आहेत आणि तिन्हींवर दोन्ही लाइन मिळतात. आई एका हँडसेटवर मावशीशी बोलत असते, तेव्हाच मी दुसऱ्यावर कामाचं बोलत असतो. कोणाचं कोणाला अडत नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दोन लाइनना दोन वेगळ्या रिंगटोन लावण्याचा. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण फोन हातात घेण्याआधीच समजतं की ‘नमस्कार’ म्हणायचं की ‘हं, बोल गं’. बहुतेक सेटमध्ये एका लाइनची रिंग बंद ठेवून दुसरीची चालू ठेवता येते. संध्याकाळनंतर मी कामाच्या लाइनची रिंग बंद करतो, घरची रात्रभर चालू असते. तेव्हा कामाचे फोन आन्सरिंग मशीन घेतं. सेट घेताना दोन्ही लाइनना स्वतंत्र निरोप रेकॉर्ड करता येतो ना, हे जरूर विचारा. काही सेटमध्ये ती सोय एकाच लाइनला असते.

कॉन्फरन्सही कामाची आहे. एकाशी बोलताना त्याला होल्डवर ठेवायचं, दुसऱ्या लाइनवरून दुसऱ्याला फोन लावायचा आणि कॉन्फरन्सचं बटण दाबायचं. हे जोडण्याचं काम फोनच करतो, त्यामुळे टेलिफोन कंपनीकडून वेगळी सेवा घ्यावी लागत नाही. मात्र तुम्ही फोन ठेवलात की बहुतेक सेटवर दोघांचेही फोन तुटतात. आधी त्या दोघांचं बोलणं संपू द्या.

आता एक चूक सांगतो, ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. बोलण्याचं हिरवं बटण दाबलं की फोन आधी ठरवलेली लाइन उचलतो. आमच्याकडे ती कामाची होती. आईने महिनाभर सगळ्या नातेवाइकांना कामाच्या नंबरावरून फोन केले, आणि ते सगळे त्याच नंबरावर उलट फोन करू लागले. बहुतेक मॉडेलमध्ये ही लाइन प्रत्येक हँडसेटवर वेगळी ठरवता येते. आईच्या हँडसेटवर घरची ठेवली, माझ्यावर कामाची, आणि प्रश्न मिटला. त्याच जागी ‘प्रायव्हसी’ असं एक सेटिंगही बघा. ते बंद असेल तर दुसऱ्या हँडसेटवरून कोणीही चालू बोलण्यात शिरू शकतं. घरच्या गप्पांत ते चालून जातं. कामाच्या लाइनवर चालत नाही.

जोडणीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण ‘दुसरी लाइन मेली आहे’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. एकाच भिंतीवरच्या सॉकेटमधून दोन्ही लाइन येत असतील तर वायर चार तारांची लागते. मधली जोडी पहिल्या लाइनची, तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा दुसऱ्या लाइनच्या. साधी दोन तारांची वायरही त्याच सॉकेटमध्ये खटकन बसते, पहिली लाइन छान चालते आणि दुसरीवर डायल टोनच येत नाही. मी आठवडाभर फोनलाच दोष देत होतो, दोष जुन्या वायरचा होता. म्हणून आधी पारदर्शक प्लगमध्ये बघा, सोनेरी पट्ट्या दोन आहेत की चार. लाइन वेगवेगळ्या सॉकेटमधून, किंवा फायबर मोडेमच्या दोन फोन पोर्टमधून येत असतील, तर बेसमागच्या दोन जॅकना दोन साध्या वायरी लावायच्या. एखाद्या लाइनवर डीएसएल इंटरनेट असेल तर त्या लाइनला फिल्टर, म्हणजे इंटरनेटचे सिग्नल फोनपासून वेगळे ठेवणारी छोटी डबी, लावा, नाहीतर बोलताना खरखर ऐकू येते.

खरखरीवरून आठवलं, २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा जुना सेट घेऊ नका. वायफाय आणि मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात असतात. डेक्ट पद्धतीचा घ्या, ही कॉर्डलेस फोनसाठीची वेगळ्या पट्ट्यातली रेडिओ पद्धत आहे. युरोपात डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झवर चालतं आणि अमेरिकेत १९२० ते १९३० वर. तिथे त्याला ‘डेक्ट ६.०’ म्हणतात. त्या ६.० चा फ्रिक्वेन्सीशी संबंध नाही, ते विक्रीसाठी दिलेलं नाव आहे. एका भागातला सेट दुसऱ्या भागात नेऊन वापरू नका. खोक्यावर ३०० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. घरात भिंतींमुळे साधारण ५० मीटर धरा आणि बेस घराच्या मध्यावर, लोखंडी कपाटापासून दूर ठेवा.

शेवटचं म्हणजे वीज. बेसला वीज लागते. ती गेली की हँडसेटची बॅटरी भरलेली असूनही दोन्ही लाइन गप्प होतात. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळते, म्हणून तारेचा एक साधा फोन कायम जोडून ठेवा. मोडेमवरची लाइन असेल तर मोडेम आणि बेस दोन्हींना बॅटरी बॅकअप द्या. तो तारेचा फोन घरच्या लाइनवर असू द्या, कारण आईला अडचणीत तोच नंबर पाठ असतो.