बाणेदार कोणाला म्हणावे?

एका वाचकाचा प्रश्न आहे : बाणेदार, करारी आणि तत्त्वनिष्ठ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? ‘मुख्यमंत्र्यांनी विरोधकांना बाणेदार उत्तर दिले’ हे वाक्य त्यांच्या कानाला खटकते, पण कारण सांगता येत नाही. शिवाय यातला बाण धनुष्याचाच का, हेही त्यांना हवे आहे.

बाणाचे आधी उरकतो. धनुष्याशी त्याचा अर्थ जुळत नाही. शब्द आला तो ‘बाणा’वरून. हिंदीत हाच ‘बाना’. पानीचे पाणी, रानीची राणी, तसा बानाचा बाणा. बाना म्हणजे विशिष्ट वेश. राजपूत अखेरच्या लढाईला निघताना चढवीत तो केसरिया बाना. वेशावरून माणसाचा पंथ, पेशा ओळखू येई, म्हणून अर्थ वेशाकडून ब्रीदाकडे सरकला. मराठीत ब्रीद तेवढे उरले आणि त्याला जमीनदार, वजनदार यांतला फारसी ‘दार’ जोडला गेला. पण वेशाची छटा अगदीच गेलेली नाही, असे मला वाटते. तत्त्वनिष्ठ माणूस घरात बसूनही तत्त्वनिष्ठ राहू शकतो. बाणेदारपणा मात्र चारचौघांत दिसावा लागतो.

आणि तो दिसायला समोर कोणीतरी वरचढ लागतो. आपल्यापैकी बहुतेकांना हा शब्द पहिल्यांदा भेटला तो बाळ टिळकांच्या शेंगांच्या टरफलांपाशी. गोष्टीत ऐतिहासिक तथ्य किती हे सोडा. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही’ हे उत्तर गुरुजींना दिलेले आहे. शेजारच्या पोराला दिले असते तर त्याला कोणी बाणेदार म्हटले नसते. भांडण म्हटले असते.

राज्यकारभारात या शब्दाचा खरा धनी म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गादीवर चुलते रघुनाथराव बसले. (‘ध’चा ‘मा’ची दंतकथा याच खुनाची, शब्दचर्चेत मोह पडतो, पण आवरतो.) न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष थेट रघुनाथरावांवर ठेवला. परंपरेने सांगितलेली हकीकत अशी की, पेशव्यांनी प्रायश्चित्त विचारले आणि शास्त्रीबुवांनी तोंडावर सांगितले : देहान्त. मग पुणे सोडून ते वाईकडे निघून गेले. पुढे रघुनाथरावांची सत्ता गेली, कारभाऱ्यांनी रामशास्त्र्यांना परत बोलावले आणि त्यांनी पुन्हा न्यायाधीशपद सांभाळले.

आता विशेषणे पाहा. रामशास्त्र्यांना आपण निःस्पृहही म्हणतो आणि बाणेदारही, पण दोन्हींचे काम वेगळे. निःस्पृह हे वर्षानुवर्षांच्या वागण्याचे वर्णन आहे : कोणाचे काही घेतले नाही, कोणाची भीड धरली नाही. बाणेदार आहे ते एक उत्तर, एका दिवशीचे, ज्याने पद गेले. किंमत मोजण्याची ही तयारी शब्दात गृहीतच असते. म्हणून तर घरात फुकटचा न्याय सांगत सुटलेल्याला ‘मोठा रामशास्त्री लागून गेलास!’ असे ऐकवतात. त्याच्या पदरचे काय जाते?

1956 साली केंद्रातल्या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले, त्यांतून हा फरक आणखी स्पष्ट होतो. तमिळनाडूत अरियलूरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी पद सोडले. याला आपण नैतिक जबाबदारी स्वीकारणे म्हणतो. कृती थोरच, पण तिच्यात कोणाशी सामना नाही, म्हणून ‘बाणेदार’ तिथे शोभत नाही. त्याआधी जुलैत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून मंत्रिपद सोडले होते. ते कुलाब्याचे खासदार, आणि समोर नेहरू. लोकसभेत त्यांनी स्वच्छ सांगितले की, हा निर्णय मंत्रिमंडळापुढे नीट आलाच नव्हता. मुंबईतल्या गोळीबारांची चौकशी का नाही, हेही विचारले. बाणेदार म्हणतात ते याला. मूग गिळून खाते सांभाळत बसले असते, तर कोणी विचारलेही नसते.

करारीची गोष्ट निराळी. करारी माणसाला समोर वरचढ लागत नाही. उलट बरेचदा तोच वरचढ असतो. करारी प्रशासक, करारी हेडमास्तर. त्याचा निश्चय पक्का, पण तो न्यायाच्या बाजूने असेलच असे नाही. घरादाराला धाकात ठेवणारे आजोबाही करारीच.

तत्त्वनिष्ठ हा छापील शब्द. बोलण्यात तो फारसा येत नाही, श्रद्धांजलीच्या मजकुरात हमखास येतो. छापताना मात्र त्यातला एक ‘त’ बहुधा गळतो. तत् + त्व, म्हणून दोन ‘त’ हवेतच.

तेव्हा प्रश्नातल्या वाक्याचे असे : मुख्यमंत्री आणि विरोधक यांच्यात सत्ता मुख्यमंत्र्यांकडे असते, म्हणून बाणेदार खटकतो. तिथे सडेतोड किंवा खणखणीत लिहावे. तेच मुख्यमंत्री दिल्लीत आपल्या पक्षश्रेष्ठींना ‘हे माझ्याने होणार नाही, दुसरा शोधा’ म्हणाले, तर खुशाल बाणेदार लिहा. नाम करायचे झाल्यास बाणेदारपणा; जमीनदारीच्या चालीवर केलेले ‘बाणेदारी’ माझ्या तरी कानाला रुचत नाही.