कंपनी टोकियोला पाठवतेय, फॅमिलीसोबत राहायला कोणता एरिया घ्यावा? निशी-कासाई की ऑफिसच्या जवळ?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही अमळनेरचे, कंपनी तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवतेय, ऑफिस ओतेमाचीला, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी, आणि जो भेटेल तो सांगतोय की निशी-कासाईत घर घ्या तिथं सगळे इंडियनच आहेत, पण तुम्हाला वाटतंय की एवढ्या लांब जाऊन परत आपल्याच लोकांत कशाला राहायचं, त्यापेक्षा ऑफिसच्या जवळपास बघावं. मी तिथं सहा वर्षं काढली, २०१७ ते २०२३, आता जळगावला परत आलोय. तुम्हाला जे वाटतंय तेच मलाही वाटत होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलंच सांगतो, घर तुमच्यासाठी बघू नका. तुम्ही सकाळी आठला जाणार आणि रात्री आठ-नऊला येणार, तुमच्यासाठी ते घर म्हणजे झोपायची जागा. दिवसभर त्या घरात, त्या गल्लीत, त्या दुकानात कोण असणार आहे? वहिनी आणि मुलगी. एरिया त्यांच्यासाठी निवडा, आणि तुमची वीस मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या.

मी उलटं केलं होतं. मी घर घेतलं टोकियोच्या पश्चिमेला नाकानोला. तोझाई लाइन (मेट्रोची लाइन) तिथून सुरू होते म्हणजे सकाळी बसायला जागा मिळते, ओतेमाचीला डायरेक्ट गाडी, एवढाच हिशोब केला. एरिया वाईट नव्हता, उलट फार छान होता, बाजारपेठ, गल्लीबोळ, सगळं. पण माझी बायको पाचोऱ्याची, माहेरी बारा माणसांचं घर, आणि इथं सकाळी दार लागलं की रात्री मी येईपर्यंत तीन वर्षांचा मुलगा सोडून कोणाशी एक शब्द नाही. शेजारी सभ्य होते, मान झुकवून नमस्कार करायचे, पण भाषा येत नाही तर बोलणार काय. दुकानात पाकिटावरचं वाचता येत नाही, बिस्किटात काय टाकलंय कळत नाही, पोराला ताप आला तर डॉक्टरला काय सांगायचं कळत नाही. ती तक्रार करत नव्हती म्हणून मला वाटलं सगळं ठीक चाललंय. एक दिवस आईचा व्हिडिओ कॉल आला, आई नेहमीसारखी अहिराणीत विचारायला लागली, "नळले पानी येस का?" आणि बायको एकदम रडायला लागली, थांबेचना. आईला कळेना की पाण्याचं विचारलं तर ही रडतेय का. मला मात्र त्या दिवशी कळलं. अकरा महिने झाले होते तेव्हा. त्यानंतर आम्ही निशी-कासाईला आलो.

आता निशी-कासाईबद्दल. हे एदोगावा वॉर्डात आहे, तोझाई लाइनवर, ओतेमाचीपासून सातवं स्टेशन, साधारण पंधरा मिनिटं. इंडियन लोक इथंच का जमले तर २००० सालच्या आसपास वायटूकेच्या कामासाठी (सन २००० लागलं की कॉम्प्युटरमधल्या तारखा चुकतील म्हणून करायची दुरुस्ती) आपले इंजिनिअर तिकडे जायला लागले, त्यांची ऑफिसं ओतेमाची-निहोनबाशीकडे, आणि ही लाइन सरळ तिथं जाते. जगमोहन चंद्राणी म्हणून चहाचे व्यापारी आधीपासून या भागात राहत होते, त्यांनी या पोरांना घरं मिळवून द्यायला खूप मदत केली कारण घरमालक परदेशी माणसाला घर द्यायला तयार नसायचे. पुढे २०१९ ला इथल्या वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. म्हणजे हा एरिया एका दिवसात तयार झालेला नाही, लोकांनी एकमेकांना हात देऊन उभा केलाय.

आणि "आपल्याच लोकांत" म्हणजे तुम्हाला वाटतंय तसं नाही. तिथंही चारी बाजूला जपानी लोकच आहेत, आपण थोडेच. फक्त फरक एवढा की तूरडाळ, कणीक मिळणारी दुकानं पायी अंतरावर आहेत, दवाखान्यात, शाळेत इंडियन माणूस आला तर कोणी दचकत नाही, आणि बागेत गेलं की एखादी तरी बाई हिंदी-मराठी बोलणारी भेटते. माझ्या बायकोला ग्योसेन पार्कात (तिथं फुकटचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे, मुलीला नक्की न्या) एक नाशिकची ताई भेटली, तिने वॉर्डाच्या जपानी भाषेच्या क्लासला नेलं, आणि सहा महिन्यांत जपानी शेजारणीशी बोलायला लागली ती. नाकानोत जपान्यांच्या मध्ये राहून जे झालं नाही ते इथं आपल्या माणसांच्या आधाराने झालं. म्हणून आपल्या लोकांत राहिलं की माणूस शिकत नाही हे मला पटत नाही.

मुलीच्या शाळेचं आत्ताच ठरवा कारण एरिया त्यावरच ठरेल. सीबीएसई पाहिजे असेल तर ग्लोबल इंडियन स्कूल एदोगावात आहे, इंडिया इंटरनॅशनल स्कूल शेजारच्या कोतो वॉर्डात आहे, पण फी जड आहे, कंपनी देत असेल तरच बघा. नाहीतर चार वर्षांची आहे तर सरळ जपानी बालवाडीत टाका, ऑक्टोबर २०१९ पासून तीन ते पाच वर्षांच्या मुलांची फी सरकार भरतं, बालवाडीला महिना २५,७०० येनपर्यंत, आणि ते परदेशी मुलांनाही लागू आहे, जेवण-बस वेगळं. आमचा पोरगा तिथंच गेला आणि वर्षभरात आम्हालाच जपानी शिकवायला लागला.

आता पैशाचं नीट समजून घ्या, इथं बरेच जण फसतात. प्रायव्हेट घर घेतलं तर डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं, त्यावर 'रेइकिन' म्हणजे मालकाला भेट म्हणून एक महिन्याचं भाडं जे परत मिळत नाही, एजंटचं एक महिन्यापर्यंत, गॅरंटी कंपनीचं (भाडं थकलं तर मालकाला हमी देणारी) अर्ध्या ते एक महिन्याचं, आगीचा विमा, कुलूप बदलायचे पैसे, आणि पहिलं भाडं ॲडव्हान्स. चार-पाच महिन्यांचं भाडं किल्ली हातात यायच्या आधीच जातं. शिवाय दर दोन वर्षांनी करार रिन्यू करायला परत एक महिन्याचं द्यायची तिकडे पद्धत आहे. आणि एजंट मालकाला फोन लावतो आणि तुमच्यासमोरच सांगतो की परदेशी माणूस चालत नाही म्हणतात. आम्हाला एका दिवसात चार ठिकाणी असं ऐकावं लागलं, नोकरी चांगली, पगार चांगला, तरी. मनाला लावून घेऊ नका पण तयारी ठेवा.

म्हणून माझा सल्ला यूआरचा. ही सरकारी गृहनिर्माण संस्थेची भाड्याची घरं, मोठमोठ्या वसाहती असतात, निशी-कासाईला, शेजारच्या सेइशिन-चोला, कोतोतल्या ओजिमाला बरीच आहेत. यात रेइकिन नाही, एजंटची फी नाही, रिन्यूअल फी नाही, गॅरंटर लागत नाही, फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. अट पगाराची, भाडं ८२,५०० ते २ लाख येनच्या मधलं असेल तर महिन्याचा पगार ३ लाख ३० हजार येन लागतो, तो तुमचा असणारच. आणि परदेशी म्हणून कोणी नाही म्हणत नाही. बिल्डिंगी जुन्या दिसतात, पण आत ऊन-वारा चांगला आणि मुलांना खाली खेळायला जागा. आमचं टू एलडीके (म्हणजे दोन खोल्या आणि किचनसकट हॉल) १ लाख ३२ हजारांत होतं, तुमचं बजेट दीड लाख आहे म्हणजे बसेल. घर रिकामं झालं की जो आधी येईल त्याला, म्हणून पहिला महिनाभर कंपनीच्या गेस्ट हाऊसला राहा आणि तिथून शोधा, इथून फोटो बघून ठरवू नका.

पण एक गोष्ट निशी-कासाईची मला आवडत नाही आणि ती लपवणार नाही. एदोगावा वॉर्ड नद्यांच्या मध्ये सखल भागात आहे, जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. मी गिरणाकाठचा, भडगाव तालुक्यातला, पाणी कसं चढतं ते लहानपणापासून बघितलंय, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वॉर्डाने २०१९ मध्ये जो पुराचा नकाशा घरोघरी वाटला त्याच्या कव्हरवरच स्वतःच्याच वॉर्डाबद्दल लिहिलं होतं की इथं थांबू नका. आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं. मोबाइल एकसारखा अलार्म वाजवतोय, वॉर्डाने सांगितलं घर सोडा, आम्ही पोराला कडेवर घेऊन जवळच्या शाळेत गेलो, रात्रभर जिमच्या फरशीवर. बांध टिकले, आमच्याकडे पाणी आलं नाही, सकाळी घरी आलो. पण त्या रात्री मी ठरवलं की पहिला मजला कधीच घ्यायचा नाही. तुम्हीही घेऊ नका (तिथं ज्याला पहिला मजला म्हणतात तो आपला तळमजला, हे लक्षात ठेवा), तिसऱ्याच्या वर बघा. स्टेशनच्या दक्षिणेचा सेइशिन-चो भरावाची जमीन आहे पण उलट उंच आहे, नकाशात त्याचा रंगच वेगळा दिसतो, तिथं मिळालं तर सगळ्यात उत्तम. नकाशा वॉर्ड ऑफिसात फुकट मिळतो, घर बघायला जाताना सोबत ठेवा. भूकंपासाठी बिल्डिंग जून १९८१ नंतरच्या नियमाने बांधलीय का ते विचारा, आधीची असेल तर मजबुतीचं काम झालंय का विचारा.

गर्दी. सकाळची तोझाई लाइन म्हणजे काय ते तुम्हाला सुरत-भुसावळ पॅसेंजरवरून कळणार नाही. टोकियोतल्या सगळ्यात भरलेल्या लाइनींपैकी आहे, २०१९ ला किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात क्षमतेच्या १९९ टक्के माणसं असायची. तुमची गाडी तिथूनच जाते. रॅपिड गाडी निशी-कासाईला थांबतही नाही. सातच्या आधी निघा किंवा कंपनीला उशिराची वेळ मागा. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे, सहन होतं.

आता घर बघताना. आपल्याकडे घर बघताना आपण पश्चिमेचं ऊन टाळतो, मे महिन्यात ४५ डिग्रीत भिंती तापतात म्हणून. तिथं उलटं, दक्षिणेची बाल्कनी शोधा, डिसेंबर-जानेवारीत त्याच उन्हावर दिवस निघतो आणि कपडे वाळतात. आमच्या बायकोने तिथं उडदाचे पापड वाळवले, मे महिन्यात, पावसाळा लागायच्या आधी, शेजारणीला दिले, तिने परत लोणच्याच्या मुळ्याचं पाकीट आणून दिलं.

किचनमध्ये गॅस आहे की विजेची शेगडी ते आधी बघा. नवीन बिल्डिंगीत विजेची सपाट शेगडी असते, त्यावर भाकरी फुगत नाही आणि वांगं भाजता येत नाही. गॅस असेल तर तिथल्या शेगडीला खाली मासे भाजायचा एक ड्रॉवर असतो, त्यात वांगं इतकं छान भाजलं जातं की काय सांगू. आपल्या हिरव्या लांब भरताच्या वांग्याची चव नाही येत पण मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात घातली की भरीत जमतं. त्या भरतासाठी आमच्याकडे दर महिन्याला आठ-दहा माणसं यायची, त्यात दोन जपानी कुटुंबं.

जाहिरातीत "स्टेशनपासून आठ मिनिटं" लिहिलं असेल तर ८० मीटरला एक मिनिट असा त्यांचा नियम आहे, म्हणजे ६४० मीटर, सिग्नल धरत नाहीत. चार वर्षांच्या मुलीसोबत ते पंधरा मिनिटं होतात. खोलीत दिवे, पडदे, कधी शेगडीसुद्धा नसते, ती आपण आणायची. गॅस चालू करायला माणूस येतो, त्यावेळी घरी कोणीतरी पाहिजे. आणि राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा.

निशी-कासाईला घर नाहीच मिळालं तर ओजिमा बघा, तिथंही आपली बरीच कुटुंबं आहेत. किंवा नदीपलीकडे चिबात ग्योतोकू, म्योदेन, त्याच तोझाई लाइनवर, भाडं कमी. फुनाबोरीला इस्कॉनचं मंदिर आहे, पण तिथून लाइन वेगळी, तुम्हाला बदलावं लागेल. नाकानो पण बघा, पण ते वहिनींना जपानी यायला लागल्यावर.

घर बघायला जाल तेव्हा एजंटला सांगा की दुपारी अकरा ते तीनच्या मध्येच दाखवा, आणि वहिनींना सोबत न्या. घर बघून झालं की त्यांना म्हणा इथून भाजीच्या दुकानापर्यंत आणि बागेपर्यंत एकट्या मुलीला घेऊन जाऊन या, मी इथं थांबतो. परत आल्यावर त्या काय सांगतात ते ऐका, मग सही करा. निघायच्या आधी जळगावला आलात तर दोघंही घरी या, माझी बायको वहिनींशी बोलेल, तिच्याकडे त्या ताईचा नंबरही आहे.