स्टेडियमला मत कोण देतं?

प्रश्न : अमेरिकेत स्टेडियमसाठी मतदान घेतात. लोक खेळाच्या आवडीवरच मत देतात का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाही हो! कॅन्सस सिटीचा अमेरिकन फुटबॉल संघ फेब्रुवारी २०२४मध्ये सुपर बोल, म्हणजे त्या खेळाचा वार्षिक अंतिम सामना, जिंकला. एप्रिलमध्ये फुटबॉल आणि बेसबॉल अशा दोन्ही स्टेडियमसाठीच्या विक्रीकरावर मतदान झालं, तर सुमारे ५८ टक्के लोकांनी नकार दिला. नवं बेसबॉल मैदान क्रॉसरोड्स भागात येणार होतं. तिथली छोटी दुकानं, हॉटेलं उठली असती. ज्यांची संध्याकाळच तिथे जाते, ते हो कसं म्हणणार?

आपल्याकडे असं मतदान होत नाही. पण नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे काठी टेकत चालणाऱ्या आजींना विचारा. रणजी सामन्याचं कौतुक त्यांनाही आहे, पण जॉगिंग ट्रॅक मोकळा हवा. मी आजींच्या बाजूची.