आजोबांचा पेंटॅक्स के१००० हा जुना फिल्म कॅमेरा मिळाला आहे, सोबत फक्त ५० मिमीची लेन्स आहे. आणखी कोणत्या लेन्स घ्याव्यात?

आधी त्याच ५० मिमीवर दोन-तीन रोल काढा. आजोबांनी बहुधा तिच्यावरच सगळं टिपलं असेल, आणि ती लेन्स खरंच उत्तम असते. मग तुम्हाला मागे सरकायला जागा कमी पडते की माणसं लांब राहतात, हे आपोआप कळेल. पहिलं असेल तर जास्त रुंद दृश्य मावणारी २८ मिमी एफ/२.८ घ्या, दुसरं असेल तर लांबचं जवळ आणणारी १३५ मिमी. झूमच्या (मिमी बदलता येणाऱ्या लेन्सच्या) नादी सध्या लागू नका. त्या काळातले बरेच झूम जड आहेत आणि व्ह्यूफाइंडर अंधारा करतात.

कॅमेऱ्याला के माउंट, म्हणजे पेंटॅक्सच्या त्या जोडणीची लेन्स लागते. लेन्सवर अ‍ॅपर्चर रिंग (उजेड आत येण्याचं भोक लहान-मोठं करणारी, एफ/२.८, एफ/१६ असे आकडे असलेली कडी) हवीच. नव्या डिजिटल लेन्सना बहुतेक वेळा ती नसते, आणि बॉडीवरून अ‍ॅपर्चर बदलायची सोय या कॅमेऱ्यात नाही. आट्यांनी फिरवून बसवायच्या जुन्या एम४२ स्क्रू लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून चालतात, पण मीटर (व्ह्यूफाइंडरमधली उजेड मोजणारी सुई) बघताना अ‍ॅपर्चर हाताने लहान करावं लागतं.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. थोडी धूळ मात्र चालते, फोटोत दिसत नाही. मग रिंग एफ/१६ वर ठेवून मागचा छोटा लिव्हर सरकवून सोडा. आतली भोक लहान-मोठं करणारी पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर त्यांवर तेल आलंय, एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा उजेड) हमखास चुकणार.

आणि लेन्सची टोपी वापरात नसताना लावून ठेवा. या कॅमेऱ्याच्या मीटरला वेगळं बटण नाही, उजेड मिळाला की बॅटरी खर्च होत राहते.