वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती वेळात पोचते ते बघ

बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला सुपरवायझर झालायस, हाताखाली चौदा जण, त्यातले निम्मे वयानं मोठे, आणि एचआरनं ट्रेनिंगला पाठवून एम्पथी, एम्पॉवरमेंट असलं सगळं स्लाइडवर दाखवून परत आणून सोडलं. आता गोड बोललं की डोक्यावर बसतात, कडक झालं की खराब जॉब, म्हणजे मशीनवर बिघडलेला नग, लपवतात, मग करायचं काय, असा तुझा प्रश्न. माझी सगळी नोकरी फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशीन शॉपमध्येच गेली, म्हणून जरा लांबण लावतोय. तुझ्या वयाचा पुतण्या आहे मला, तेव्हा अरे-तुरे चालवून घे.

पहिलं म्हणजे गोड का कडक हा हिशोबच सोडून दे. तू कसा बोलतोस हे माणसं चार दिवस बघतात, नंतर फक्त एवढंच बघतात की ह्याला खरं सांगितलं तर पुढं आपलं काय होतंय. त्यामुळं तू कसला सुपरवायझर आहेस हे एका गोष्टीवरनं कळतं, खराब जॉब निघाला हे तुला कधी समजतं? निघाल्या निघाल्या, का शिफ्ट संपताना, का गिऱ्हाइकाकडनं फोटोसकट मेल आल्यावर?

आता तुझ्याच शॉपवर काय होत असणार सांगतो. रात्रपाळी, इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याची) धार गेली, ऑपरेटरनं इन्सर्ट बदलला पण जुना वेअर ऑफसेट (धार झिजेल तशी मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) तसाच राहिला, पहिलाच बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, ओव्हरसाइज. अंडरसाइज असता तर परत एक कट मारून वाचवता आला असता, ओव्हरसाइज म्हणजे भंगारच. पहाटेची वेळ, जवळ कोणी नाही. मग तो काय करतो, त्या जॉबवर कुठंतरी बारीक ब्लो होल (ओतकामात हवेनं राहिलेलं छिद्र) हुडकतो, खडूनं गोल करतो आणि कास्टिंग रिजेक्शनच्या बिनमध्ये टाकतो. म्हणजे एमआरचा (मशीनिंग रिजेक्शन, आपली चूक) झाला सीआर (कास्टिंग रिजेक्शन, फौंड्रीची चूक). महिनाअखेरीला त्याची डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) जाते फौंड्रीवाल्याला, तो येऊन भांडतो, तू त्याच्याशी भांडतोस, आणि ऑफसेट शून्य करायची आठवण राहावी म्हणून मशीनवर एक चिठ्ठी चिकटवली असती तर संपलं असतं असलं काम वर्षभर चालू राहतं. तो माणूस चोर नाहीये रे. सकाळच्या मीटिंगला पहिला प्रश्न "कुणी केलं?" असा येतो हे त्याला पाठ आहे, एवढंच.

तो प्रश्न बदल. पहिला प्रश्न "असे अजून किती निघालेत, बाजूला काढले काय?" दुसरा प्रश्न "झालं कसं?" कुणी केलं हे शॉपवर सगळ्यांना आधीच माहीत असतं, ते विचारून तुला नवीन काही मिळत नाही. आणि ज्यानं आपणहून येऊन सांगितलं त्याला त्या दिवशी एक शब्द बोलायचा नाही, भले प्लँट हेड तुझ्या डोक्यावर उभा असू दे. ह्यात एकदा जरी घसरलास तर पुढचे सहा महिने कोणी तोंड उघडणार नाही.

हे काय माझ्या डोक्यातनं निघालेलं नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधाच्या चुका मोजल्या. अंदाज असा की ज्या वॉर्डात टीम चांगली तिथं चुका कमी सापडतील. आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्येच चुका जास्त! नीट खोदून बघितल्यावर कळलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या उघड सांगत होते, बाकीकडं दाबून टाकत होते. पुढं १९९९ ला त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमवर अभ्यास छापला, त्यात हेच, जिथं माणसाला बोलायची भीती नाही तिथं टीम शिकते आणि काम सुधारतं. म्हणून तुला आत्ताच सांगून ठेवतो, तू नीट वागायला लागलास की पहिले दोन-तीन महिने तुझ्या लाइनचं रिजेक्शन कागदावर वाढणार. वाढू दे. पण प्लँट हेडला आधीच कानावर घालून ठेव, नाहीतर तो म्हणणार ह्याला सुपरवायझर केला आणि शॉप बिघडलं.

आता एम्पॉवरमेंटचं. मीटिंगमध्ये "तुम्ही सगळे मालक आहात" असलं बोलू नकोस, माणसं मनात हसतात, मालकाची गाडी रोज बघतात ती. अधिकार द्यायचा तर मोजून द्यायचा आणि सगळ्यांना दिसेल असा लिहून लावायचा. म्हणजे कसं, दोन शतांश मिलिमीटरपर्यंत ऑफसेट ऑपरेटरनं स्वतः द्यायचा, विचारायचं नाही, त्यापुढं सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) बोलवायचं. लागोपाठ दोन जॉब लिमिटच्या कडेला आले तर मशीन थांबवायचं आणि त्याबद्दल कोणीही, मी सुद्धा, जाब विचारणार नाही. (आकडे तुझ्या ड्रॉइंगच्या टॉलरन्सप्रमाणं ठरव, मी नमुन्याला सांगतोय, उद्या माझ्या नावावर बिल फाडू नकोस.)

टोयोटाच्या लाइनवर दोरी असते हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेलच. ती ओढल्या ओढल्या लाइन थांबते असं लोकांना वाटतं, तसं नसतं. दोरी ओढली की टीम लीडर तिथं पळत येतो, जॉब पुढच्या खुणेपर्यंत जाईस्तोवर दोघं मिळून निस्तरतात, निस्तरलं नाही तरच लाइन थांबते. म्हणजे नुसती दोरी देऊन भागत नाही, ओढल्यावर कोणतरी यायला पाहिजे. अमेरिकेत फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम, १९८२ ला बंद पडला. १९८४ ला टोयोटाबरोबर भागीदारीत तोच परत चालू केला, कामगार बहुतेक तेच जुने घेतले, आणि तीच माणसं चांगल्या गाड्या काढायला लागली. आधी लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा होता, नंतर ते ज्याचं त्याचं काम झालं. तेव्हा "आमच्याकडची माणसंच तसली" हे जे आपल्याकडं सगळे म्हणत असतात ना, ते माझ्यासमोर म्हणू नकोस.

फौंड्रीत तर हा अधिकार जिवाशी जोडलेला असतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसला असतो तुला माहीतच आहे, स्क्रॅप उघड्यावर पडलेलं असतं, पत्र्याच्या गुंडाळीत, पाइपच्या तुकड्यात पाणी बसलेलं असतं. तसलं ओलं स्क्रॅप वितळलेल्या मेटलमध्ये गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि मेटल बाहेर उडतं. चार्जिंगला (भट्टीत स्क्रॅप घालायला) उभा असलेला माणूस बहुतेक वेळा कंत्राटी, शिकलेला कमी, पण ट्रॉली ओली आहे हे पहिलं त्यालाच दिसतं. "सर, हे मी घालत नाही" असं त्याला म्हणता आलं पाहिजे आणि हीट (भट्टीतलं एका वेळचं मेटल) अर्धा तास लेट झाली म्हणून त्याचा ओटी (ओव्हरटाइम) कापला गेला नाही पाहिजे. आता बघ, ओटी कापणार असला तर तू त्याला कितीही प्रेमानं "काळजी घे बाबा" म्हण, तो डोळे झाकून ट्रॉली उलटी करणार. माझ्या लेखी सहानुभूती म्हणजे हे ओटीचं बघणं, खांद्यावर हात ठेवणं नंतर.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण हल्ली सगळे देतात, सत्या नाडेला आले, माणुसकी आणली, कंपनी पालटली. नाडेला सीईओ झाले फेब्रुवारी २०१४ ला. पण टीममधल्या प्रत्येकाला एकमेकांविरुद्ध नंबर लावायची जी पद्धत होती, ज्यात कोणतरी खाली जायलाच पाहिजे, ती कंपनीनं नोव्हेंबर २०१३ ला, म्हणजे ते यायच्या आधीच बंद केली होती. हे कोणी सांगत नाही. शेजाऱ्याला मदत केली तर आपला नंबर घसरतो अशी व्यवस्था तशीच ठेवली असती तर वर कोणीही कितीही समजूतदार येऊन बसला असता तरी काय फरक पडला असता, सांग. तुझ्याकडं इन्सेंटिव्ह नुसता नगावर असेल तर तुझाही तोच घोळ आहे. तो बदलणं तुझ्या हातात नाही, पण मशीन थांबवल्याचा वेळ इन्सेंटिव्हमधनं वगळा एवढं तरी लेखी मागता येतं.

वयानं मोठ्या माणसांबद्दल. त्यांना मामा, अण्णा जे काय म्हणतोस ते म्हण, पण नुसत्या मामा म्हणण्यानं पोट भरत नाही त्यांचं. नवीन काही करायचं असलं तर मीटिंगच्या आदल्या दिवशी चहाला त्यांच्याजवळ जाऊन विचार, "मामा, हे असं केलं तर कुठं अडकंल?" ते दहा अडचणी सांगतील, त्यातल्या सात खऱ्या असतात. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मामांचं नाव घेऊन ते मांड. चारचौघात त्यांना कधी चूक ठरवू नकोस, बाजूला घेऊन काय ते सांग.

रजेचा तक्ता सगळ्या टीमच्याच हातात देऊन टाक, हे मात्र नक्की कर. खानापूरकडच्या पोरांना भात लावणीला सुट्टी लागते, चिकोडी-अथणीकडच्यांना ऊस तोडीच्या टायमाला, कोणाला सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जायचं असतं, कोणाच्या गावची महालक्ष्मी. दरवर्षी हे ठरलेलं असतं आणि दरवर्षी सुपरवायझर "अचानक गैरहजर" म्हणून बोंबलत असतात. तू फक्त एवढंच सांग की रोज अमुक मशीनं चालली पाहिजेत, त्यावर सेटर एक तरी पाहिजे, बाकी कोण कधी जाणार ते तुमचं तुम्ही ठरवा. एकमेकांची गरज त्यांना तुझ्यापेक्षा चांगली कळते. पहिल्या महिन्यात गोंधळ होईल, तेव्हा तक्ता परत ओढून घेऊ नकोस, गोंधळ त्यांनाच निस्तरू दे.

डोक्यावर बसायचं म्हणालास. बसतात, दोन-तीन जण तसले असतातच. पण रेघ स्पष्ट असली की ते वेगळे दिसतात. चूक करून सांगितली तर बोलायचं नाही, चूक लपवली तर सोडायचं नाही. पिऊन मशीनवर आला, किंवा सायकल टाइम वाचवायला दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा स्विच) बायपास केला, तर त्यात समजून घ्यायचं काही नाही, तिथंच मशीनवरनं खाली उतरवायचं, मग तो कुणाचा पाहुणा का असेना.

आणि हे सगळं आपल्या मातीत नवीन आहे असंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईत व्हीजेटीआय ह्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत असताना बढतीला डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली म्हणून नोकरी सोडली, बेळगावात सायकलचं दुकान चालवलं, नांगर केले, आणि १९१० ला औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा तुरुंगातनं सुटून आलेल्या माणसांना पहाऱ्यावर ठेवलं. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही त्याच्याच हातात राखण! ह्यात गोड बोलणं कुठं आलं, जबाबदारी खरी होती, चोरी झाली असती तर नुकसान किर्लोस्करांचंच होतं.

शेवटी एक्झिक्युटिव्ह एमबीए करू काय म्हणून विचारलंयस. कर, पण पहिलं वर्ष जाऊ दे. त्याआधी तुझ्या लाइनवर जे सहा-सात कन्नडवाले आहेत त्यांच्याशी कामापुरतं तरी कन्नड बोलायला शिक. मीटिंग हिंदीत चालली की ते "आयतु सर" म्हणून मान हलवतात आणि गप्प बसतात, आणि मीटिंग संपली की मशीनजवळ आपापसात कन्नडमध्ये खरी अडचण बोलतात, फिक्स्चर कुठं हलतंय, कुठलं गेज झिजलंय, सगळं. तुला ते कळायला पाहिजे. लाइनवरच्याच कोणाला तरी शिकव म्हणून सांग, चुकलास की हसतील, हसू दे.